डावी बाजू

धुक्याचे दोन महिने म्हणजे तात्यांचा हंगाम. कालव्याकाठचा रस्ता पहाटेपासून दहा वाजेपर्यंत दुधात बुडवल्यासारखा असायचा आणि रोज कुणी ना कुणी त्या रस्त्यावरून खाली उतरायचंच. कधी भाजीचा टेम्पो, कधी वऱ्हाडाची जीप, कधी सिमेंटचा ट्रक. तात्यांच्या टोचनगाडीचा हुक या दोन महिन्यांत रिकामा राहत नसे. बाकीचे दहा महिने घर त्याच्याच जिवावर चालायचं.

यंदा धुकं पडायला लागून चार दिवस झाले होते. तात्या एक टेम्पो मागे लटकवून नाक्यापर्यंत आले आणि हवालदाराने हात दाखवला. हवालदार ओळखीचा होता. तो केबिनच्या दाराशी आला, पण वर बघेना. हातातला कागद पुढे करून म्हणाला की नवा हुकूम निघालाय. नुसतं अवजड गाडीचं लायसन आता चालणार नाही, बंद पडलेली गाडी ओढायची तर लायसनवर टोचनचा वेगळा शेरा पाहिजे. तात्यांनी ते हसण्यावारी नेलं. मागच्या वर्षी तुझे साहेब कालव्यात उतरले होते, तेव्हा मी शेरा दाखवून त्यांना वर काढलं का, असं विचारलं. हवालदार हसला नाही.

"तात्या, टेम्पो इथंच सोडा," तो म्हणाला. "गाडी मोकळी घेऊन घरी जा. उद्या पुन्हा ओढताना दिसलात तर मला गाडी जमा करावी लागेल. मला ते करायला लावू नका."

साखळी सोडायला जावई खाली उतरला. नाक्यावर दहा-बारा माणसं चहा पीत उभी होती, ती सगळी बघत राहिली. जावई टेम्पोखाली आडवा झाला. लोखंड इतकं गार होतं की बोटं चिकटत होती. त्याने पट्टे सोडले, साखळी ओढून काढली, चाकांखाली लाकडी गुटके सरकवले आणि टेम्पोवाल्याला म्हणाला की दुसरी गाडी येईपर्यंत हे काढू नका. तेवढा वेळ तात्या केबिनमध्ये समोर बघत बसून होते. काच पुसायचा वायपर उगाचच फिरत होता.

जावई या घरात आला त्याची गंमत सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. आठ वर्षांपूर्वी तो दुधाचा टँकर चालवायचा. अशाच एका धुक्याच्या सकाळी टँकर कालव्याच्या कडेला आडवा झाला आणि तो आत पट्ट्याला लटकून तीन तास अडकला. तात्यांनी हुक लावून टँकर उभा केला, तेव्हा तो बाहेर आला. दवाखान्यात त्याला बघायला आपलं म्हणावं असं माणूस नव्हतं. तात्यांची लेक चार दिवस डबा घेऊन गेली, आणि पुढे वर्षभराने त्यांचं लग्न झालं. तात्यांनी जावई हुकाने ओढून आणला, असं लोक म्हणत. तोही ऐकून हसत असे. पण त्या दिवसापासून तो स्टेअरिंगवर कधी बसला नव्हता. टोचनगाडीवर तो मदतनीस होता. साखळ्या बांधायचा, चिखलात उतरायचा, आणि तात्या गाडी मागे घेऊ लागले की डाव्या बाजूला उभा राहून हाळी द्यायचा: "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बस."

घरी आल्यावर लेकीने तो कागद मोठ्याने वाचला. अवजड लायसन किमान पाच वर्षं जुनं हवं. डोळे, कान आणि रक्तदाब यांची तपासणी हवी. पोलिसांचा दाखला हवा. गेल्या दहा वर्षांतल्या अपघातांची माहिती द्यायची. मग दहा प्रश्नांची परीक्षा, आणि शेवटी मैदानावर इन्स्पेक्टरसमोर गाडी बांधून, ओढून आणि मागे घेऊन दाखवायची. तात्या पाय पसरून ऐकत होते. म्हणाले, एवढंच ना, तीस वर्षं हेच करतोय. डोळ्यांचं ऐकून मात्र तात्यांच्या बायकोने, जावयाच्या सासूबाईंनी, हातातलं काम थांबवलं.

दुसऱ्या दिवशी लेक त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. बाकावर वीसेक ड्रायव्हर बसले होते. सगळ्यांच्या हातात तोच फॉर्म, आणि सगळे एकमेकांना सांगत होते की ही काय तपासणी, नुसता शिक्का मारतात. आत गेलेला माणूस पाच मिनिटांत बाहेर यायचा, हसत. तात्या आत गेले ते अर्धा तास आलेच नाहीत.

डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढीच होती. तिने तात्यांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. डावा डोळा झाकून त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवलं. मग उजवा झाका म्हटल्यावर त्यांनी हात डोळ्यावर धरला आणि तीच ओळ पुन्हा म्हणून दाखवली.

"काका, बोटांच्या फटीतून नको," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने एक काळा पुठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि पाटी बदलली.

तात्या म्हणाले उजेड कमी आहे. तिने आणखी एक ट्यूब लावली. तात्या बघत राहिले. सगळ्यात वरचं अक्षर वीतभर उंचीचं होतं, तेही त्यांना सांगता येईना. शेवटी म्हणाले, तिथं पाटी आहे हे दिसतंय. लेक दारात उभी होती. तिने मान वळवली आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाईने बॅटरी लावून बराच वेळ तपासलं, डोळ्यावर एक यंत्र टेकवून काहीतरी मोजलं, आणि मग दोघांना बसवून सांगितलं. डोळ्यांतला दाब वाढलाय, त्याने डाव्या डोळ्याची नस सुकलीय. गेली ती नजर परत यायची नाही. उजव्या डोळ्यालाही सुरुवात झालीय, पण तो वाचेल. रोज दोन वेळा थेंब घालायचे, एक दिवसही चुकवायचं नाही. आणखी वर्षभर तुम्ही आला नसता तर उजवाही गेला असता, असं तिने स्पष्ट सांगितलं. फॉर्मवर 'अपात्र' लिहिताना मात्र तिने तात्यांकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर तात्यांनी दवाखान्यातल्या ट्यूबलाइटला नावं ठेवली. आजकालच्या पोरींना काय कळतं, म्हणाले. औषधाची बाटली फळीवर ठेवून ते अंगणात जाऊन बसले. संध्याकाळी सासूबाईंनी बाटली घेतली आणि त्यांची मान मागे करून थेंब घातले, तेव्हा ते मुकाट बसले होते.

धुकं रोज पडत होतं आणि फोन रोज वाजत होता. लेक फोन उचलून सांगायची, नाही हो, गाडी बंद आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती फोन वाजला की आधी तात्यांकडे बघायची आणि मग घराच्या मागच्या बाजूला जाऊन बोलायची. तालुक्याच्या गावातून लाल रंगाची एक नवी टोचनगाडी आली होती. तिच्या ड्रायव्हरकडे शेरा होता. ती घरासमोरून जायची तेव्हा तात्या हातातल्या चिंधीने आपल्या गाडीचा हुक पुसत असायचे. पुसून पुसून हुक इतका चकचकीत झाला होता की पंक्चरवाला म्हणाला, तात्या, आता यात तोंड बघून दाढी करा. एरवी तात्यांनी त्याला सवाई उत्तर दिलं असतं. या वेळी ते उठून आत गेले.

सातव्या दिवशी लेकीने कपड्यांच्या पेटीतून नवऱ्याचं लायसन काढलं. शोधत होती ती कसली तरी जुनी पावती, आणि साड्यांच्या घडीखाली तिला ते सापडलं. अवजड वाहनाचं लायसन. तिला वाटलं होतं ते कधीच बाद झालं असेल. पण तारीख बघितली तर दोन वर्षांपूर्वी त्याने ते रिन्यू करून आणलं होतं. कुणालाही न सांगता. दिवसभर जाऊन रांगेत उभा राहिला असणार आणि घरी काहीतरी वेगळंच सांगितलं असणार.

तिने त्याला काही विचारलं नाही. फॉर्म आणला, त्याचं नाव घातलं, जुना फोटो चिकटवला आणि जेवण झाल्यावर त्याच्यासमोर सहीसाठी ठेवला. तात्या आणि सासूबाई तिथंच होते. जावयाने फॉर्म वरून खाली वाचला. अपघाताच्या रकान्यात तिने काही लिहिलं नव्हतं. हा रिकामाच ठेवूया, ती म्हणाली, कोण बघतंय. त्याने पेन घेतलं, त्या रकान्यात 'होय' लिहिलं, वर्ष लिहिलं, आणि मग खाली सही केली.

तात्या एवढंच म्हणाले की टँकर आडवा घालणाऱ्याला शेरा देणार असतील तर मग आंधळ्याने काय घोडं मारलंय. बोलून झाल्यावर त्यांनाच ते लागलं असावं. ते पाणी प्यायला उठले.

जावयाची तपासणी आणि पोलिसांचा दाखला उरकला, तेव्हा परीक्षेला बारा दिवस होते. गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीचं मैदान होतं, तिथं शिकवणी सुरू झाली. तात्यांनी आपली भंगारातली जुनी जीप मागे बांधायला दिली आणि स्वतः डाव्या सीटवर बसले. शिकवायला दुसरं कोण होतं? अडचण अशी की जावयाला अहो-जाहो करावं लागे. साध्या शिकाऊ ड्रायव्हरला त्यांनी तासाभरात शिव्यांनी सरळ केलं असतं. इथं त्यांना शिव्याही मानाने द्याव्या लागत.

"जावईबापू, क्लच म्हणजे झुरळ नव्हे," ते म्हणत. "चिरडायचा नसतो. हळू सोडायचा असतो. तुम्ही कृपा करून पाय उचला."

जावई पाय उचलायचा आणि गाडी गचका खाऊन बंद पडायची. आठ वर्षं तो या गाडीच्या पोटाखाली झोपत आला होता, तिचा एकेक नट त्याला पाठ होता. पण स्टेअरिंगमागे बसला की त्याचा डावा गुडघा आपोआप उडू लागे. तो गुडघ्यावर हात दाबून धरी, मग हात स्टेअरिंगवर कमी पडे. थंडीतही त्याची पाठ भिजून सदरा सीटला चिकटे. पुढे जाणं तरी जमायचं, मागे घेणं जमेना. मागे गाडी लटकलेली असली की सगळं उलटं होतं. उजवीकडे फिरवावं तर मागचं धूड डावीकडे जातं. शेजारी बसलेल्या तात्यांचा पाय तिथं नसलेला ब्रेक दाबत असे. दर वेळी त्यांचा बूट खालच्या पत्र्यावर आपटला की जावयाचं उरलंसुरलं अवसानही गळायचं.

चौथ्या दिवशी जीप वाकडी होऊन भट्टीच्या भिंतीला लागली. पाचव्या दिवशी पाण्याचं पिंप चेपलं. सहाव्या दिवशी सकाळी धुकं अर्धवट विरलं होतं आणि सासूबाई जेवणाचा डबा घेऊन चालत आल्या होत्या. जावयाने तीनदा गाडी मागे घ्यायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा ती बंद पाडली. तात्यांचा संयम संपला. खाली उतरा म्हणाले. स्वतः वळसा घालून आले, स्टेअरिंगवर चढले आणि म्हणाले, नीट बघा, तोंडाने सांगून कळत नाही ते डोळ्यांनी तरी बघा.

ते बघण्यासारखंच होतं. तात्यांनी जीप लटकवलेली गाडी एका दमात मागे घेतली, एकदाही न थांबता, खांबाला वळसा घालून. जावई उजवीकडे उभा राहून त्यांचे हात बघत होता. एक हात स्टेअरिंगवर, एक गिअरवर, दोन्ही सैल. हाळी द्यायचं त्या दिवशी त्याच्या लक्षातही आलं नाही. मग त्याला पत्रा चेपल्याचा आवाज आला. वाकून त्याने गाडीखालून पलीकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडला.

"थांबा. आई आहेत तिकडे."

गाडी थांबली. जावई धावत डाव्या बाजूला गेला. मागच्या चाकाखाली जेवणाचा डबा होता, सपाट. त्याच्यापासून दोन पावलांवर सासूबाई उभ्या होत्या. पदर तोंडाला धरून त्या चाकाकडे बघत होत्या. त्या ओरडल्या नव्हत्या. डबा खाली ठेवून त्या तिथंच उभ्या राहिल्या होत्या आणि गाडी येताना दिसली तेव्हा मागे सरल्या होत्या.

तात्या उतरून आले. डब्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं.

"मी हात केला होता," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही आरशात माझ्याकडे बघत होता. बघता बघताच गाडी माझ्यावर घेतलीत."

तात्या तिथंच विटांच्या ढिगावर बसले. बराच वेळ बुटाने माती उकरत राहिले. जावयाने चाकाखालून डबा ओढून काढला. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तो त्याचं झाकण उचकटत बसला. मग तात्यांनी सांगायला सुरुवात केली. मान वर न करता, जसं दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं.

दोन वर्षं झाली होती. आधी डाव्या कडेला धूर दिसायचा, मग धूर वाढत गेला, मग काहीच उरलं नाही. सकाळी धुक्यात निघाले की त्यांना कळायचं नाही, बाहेरचं धुकं कुठं संपतंय आणि डोळ्यातलं कुठं सुरू होतंय. मागे घेताना ते आरशात बघायचेच नाहीत. जावयाची हाळी ऐकायचे. येऊ द्या म्हटलं की येऊ द्यायचे, बस म्हटलं की थांबायचे. तो एक दिवस तापाने पडला होता तेव्हा तात्यांनी फोन उचलले नव्हते आणि गाडी बिघडल्याचं सांगितलं होतं.

"दोन वर्षं डावी बाजू तुम्हीच चालवताय, जावईबापू," ते म्हणाले. "मी नुसता उजवीकडे बसलो होतो."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. डॉक्टरीणबाईने फॉर्मवर 'अपात्र' लिहिलं तेव्हा त्यांना राग आलाच नव्हता. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अंगातला ताप उतरावा तसं त्यांना झालं होतं. कुणीतरी एकदाचं नाही म्हटलं होतं. त्यांच्याच्याने ते म्हणवत नव्हतं. घरी येऊन ट्यूबलाइटला शिव्या दिल्या त्या याच लाजेने, की आपल्याला बरं कसं वाटतंय.

सासूबाई त्यांच्या शेजारी विटांवर बसल्या. डाव्या बाजूला.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पेल्यात पाणी ओतता ते निम्मं ताटात जातं. बाजारात मी तुमच्या डावीकडून चालते ते काय उगाच?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते."

जावई डबा मांडीवर घेऊन ऐकत होता. त्याला वाटलं आपणही काहीतरी सांगावं. तो म्हणाला की स्टेअरिंगवर बसलं की त्याचा गुडघा उडतो, तो थांबतच नाही. तात्यांनी मान वर केली. त्यांचाही उडत होता, म्हणाले, दोन वर्षं. फक्त ते त्यावर फडकं टाकून ठेवायचे.

तिघंही हसले. फार नाही. जेवण मातीत गेलं होतं, म्हणून ते घरी गेले आणि त्या दिवशी शिकवणी झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तात्या केबिनमध्ये बसेनासे झाले. ते मैदानात डाव्या बाजूला उभे राहू लागले, उजवा डोळा पुढे येईल अशी मान तिरकी करून. हाळी देणं सोपं नसतं हे त्यांना तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी त्यांनी 'बस' म्हणायला उशीर केला आणि जीप पुन्हा भिंतीला लागली. त्यांनी चूक कबूल केली, वरमून. केबिनमध्ये एकटा बसलेल्या जावयाला शेजारचा बूट ऐकू येत नव्हता. गुडघा उडायचाच. त्याने त्याला उडू दिलं. दोन दिवसांत त्याच्या लक्षात आलं की गाडी चालू झाली, हाळीकडे कान गेला, की गुडघ्याची आठवणच राहत नाही. संध्याकाळी बायको दहा प्रश्नांची उजळणी घ्यायची. ओढणाऱ्या गाडीचा जास्तीत जास्त वेग किती, मागे लाल दिवा कुठं लावायचा, उतारावर साखळी किती सैल. तो भाजी निवडत उत्तरं द्यायचा. चुकला की ती निवडलेली जुडी परत त्याच्यापुढे टाकायची.

परीक्षेच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की लायसन ऑफिसने मैदान उघडायला अकरा वाजवले. नऊ जण आले होते. लेक आणि तात्या कुंपणाबाहेर उभे राहिले. आत कुणालाही येऊ देत नव्हते. प्रश्नांच्या परीक्षेत जावयाचा एक प्रश्न चुकला, नऊ बरोबर आले. मग त्याने एक मोडकी मोटार बांधली. पट्टे, साखळी, गुटके, सगळं हाताच्या सवयीने. इन्स्पेक्टर वाकून प्रत्येक गाठ बघत होता, त्याला काही सापडलं नाही. पण मागे लाल दिवा लावायचा राहिला. निघायच्या आधी जावयाला आपणहून आठवलं आणि तो पळत जाऊन लावून आला. इन्स्पेक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं.

पिंपांच्या दोन रांगांमधून गाडी मागे घ्यायची होती. डावीकडे हाळी देणारं कुणी नव्हतं. जावई थोडं मागे आला, थांबला, दार उघडून खाली उतरला, डाव्या बाजूला जाऊन स्वतः बघून आला, पुन्हा चढला. असं त्याने दोनदा केलं. कुंपणाबाहेर कुणीतरी हसलं. म्हणालं, हा गाडी चालवतोय की तिला प्रदक्षिणा घालतोय. तात्या त्या माणसाकडे वळले आणि त्याला एवढंच म्हणाले की न दिसता मागे घेण्यापेक्षा ते बरं. गाडी रांगेतून सरळ आत गेली. एकाही पिंपाला धक्का लागला नाही.

शेवटी इन्स्पेक्टरने त्याला टेबलापाशी बोलावलं. फॉर्मवरच्या त्या रकान्यावर त्याचं बोट होतं. अपघात कसा झाला, त्याने विचारलं. जावयाने टँकरचं सांगितलं.

"चूक कुणाची होती?"

आठ वर्षं तो धुक्याची म्हणत आला होता.

"माझी," तो म्हणाला. "दिसत होतं तेवढंच चालायला हवं होतं. मी रस्ता पाठ आहे म्हणून चालवत होतो."

इन्स्पेक्टरने त्याच्याकडे पाहिलं. मग दोनदा उतरून का बघितलंस, त्यासाठी वेळ गेला, तुझे गुण कमी होतील हे ठाऊक होतं का, असं विचारलं. ठाऊक नव्हतं, जावई म्हणाला. इन्स्पेक्टर म्हणाला की नियमात त्याचे गुण कमी होत नाहीत, उलट ते करायलाच सांगितलंय, पण आज नऊ जणांत ते करणारा तो एकटाच निघाला. दिव्याचे मात्र दोन गुण कापले होते. मग त्याने लायसनवर टोचनचा शेरा लिहून शिक्का मारला. शिक्क्याची शाई कमी पडली होती, म्हणून त्याने पुन्हा पॅडवर दाबून आणखी एकदा मारला.

कुंपणाबाहेर आल्यावर जावयाने लायसन बायकोच्या हातात दिलं. तिने ते बघितलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं, भर रस्त्यात, वडिलांसमोर. तात्या दुसरीकडे बघू लागले. जरा वेळाने त्यांनी लायसन मागून घेतलं, उजव्या डोळ्याजवळ धरलं आणि शेरा अक्षर अक्षर वाचला. परत देताना म्हणाले, उद्यापासून मी डावीकडे बसतो. तीस वर्षांची जागा सोडताना माणसाला जेवढं होईल तेवढं त्यांना झालंच. पण घरी जाताना ते रस्ताभर बोलत होते, आणि लेकीने ते कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन वाजला. लेकीने तो सगळ्यांसमोर उचलला आणि म्हणाली, हो, येतेय गाडी. अंड्यांची गाडी कालव्याच्या वळणावर चारीत उतरली होती. मागे पाच हजार अंडी, आणि तिचा ड्रायव्हर रडकुंडीला आलेला. जावयाने हुक लावला. तात्या डावीकडे जाऊन उभे राहिले आणि येऊ द्या, येऊ द्या म्हणू लागले. त्यांचा आवाज धुक्यातून स्वच्छ येत होता. गाडी इंचाइंचाने वर आली. मागचं दार उघडून बघितलं तेव्हा दीड ट्रे फुटला होता. अंडीवाल्या ड्रायव्हरने दोघांचे हात धरले आणि सोडायलाच तयार होईना.

अंड्यांची गाडी मागे लटकवून परत निघताना अंडीवाला मध्ये बसला, तात्या खिडकीशी. धुकं अजून उठलं नव्हतं. जावयाला पुढची तीस-चाळीस पावलं दिसत होती आणि तो तेवढीच गाडी चालवत होता. थोडं अंतर गेल्यावर अंडीवाल्याने त्याला कोपराने हलकेच डिवचलं. तात्यांचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं आणि तोंड उघडं पडलं होतं. दोन्ही डोळे मिटलेले होते. हात मांडीवर उताणे पडले होते.

"बरं नाही का त्यांना?" अंडीवाल्याने दबक्या आवाजात विचारलं.

"छान आहेत," जावई म्हणाला. "झोपलेत."

खिशात फोन वाजला. बायको होती. आणखी एक गाडी पुलाखाली अडकली होती, कधी पोचाल विचारत होती. त्याने हळू आवाजात सांगितलं की वेळ लागेल. मागे अंडी होती आणि शेजारी सासरे. त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली आणि पुढचा खड्डा उजवीकडून घेतला.